जांभळ्या ठिपक्याचे बोर्ड

आमच्या घरात बंदूक आहे, असं चिंचवडच्या निम्म्या आळीला वाटायचं. त्याला कारण मीच. कारभारी पडवीत कामाला बसले की दारात आलेल्या बाईला मी सांगायचे, "आत्ता नका येऊ, ते बंदूक घेऊन बसलेत." आळीत नव्याने राहायला आलेल्या बाया घाबरायच्या. मला तेवढीच करमणूक.

बंदूक म्हणजे हीट गन. केस वाळवायचं यंत्र असतं ना, दिसायला तसंच. पण त्यातून निघणारी हवा अशी की पुढे हात धरला तर कातडी सोलून निघावी. कुठल्याशा वायरच्या कंपनीत ती मोडीत निघाली होती. कारभाऱ्यांनी आतली जळलेली तार काढून शेगडीची तार बसवली, मुठीला सुतळी गुंडाळली आणि चालू केली. तोवर आम्ही रॉकेलच्या स्टोव्हवर बोर्ड भाजायचो आणि घरभर धूर करून घ्यायचो.

कारभारी मूळचे फिटर. एक्याऐंशी साली त्यांच्या कारखान्यात आधी संप झाला, मग टाळं लागलं, आणि ते घरी बसले. बसले म्हणजे खरोखरच बसले. सकाळी भिंतीला पाठ लावायची ती दिवेलागणीलाच सोडायची. मला भीती वाटायला लागली की या माणसाला आता मुळं फुटणार. शेवटी स्टेशनजवळच्या साहेबराव भंगारवाल्याने त्यांना हे काम लावून दिलं. साहेबराव कंपन्यांतला नापास माल पोत्यांनी उचलायचा. त्यात रेडिओचे बोर्ड असायचे. हाताच्या पंजाएवढी तपकिरी पट्टी. वरच्या अंगाला रंगीत दाणे, डब्या, तारेची भेंडोळी, आणि खालच्या अंगाला त्या प्रत्येकाला धरून ठेवणारा सोल्डरचा, म्हणजे वितळवून लावलेल्या कथलाचा, एकेक चकचकीत थेंब. बोर्ड नापास झाला तरी त्यावरचे सुटे भाग चांगले असतात. कारभारी बोर्ड सांडशीत धरायचे, थेंबांच्या अंगाने गरम हवा मारायचे, सगळे थेंब ओले दिसायला लागले की घमेल्याच्या काठावर एक टोला. सगळं खाली. ते निवलं की मी रंग बघून डालड्याच्या डब्यांत वेगवेगळं टाकायचे. पुण्याचे रेडिओ दुरुस्तीवाले येऊन घेऊन जायचे. रिकामा झालेला बोर्ड झकास पेटायचा, वास मारायचा तेवढंच. तो मी बंबात घालायचे आणि सकाळचं आंघोळीचं पाणी तापवायचे.

एवढं सगळं काम मांडीला मांडी लावून चालायचं आणि दिवसभरात आम्ही चार शब्द बोलायचो नाही. कारभारी तसे जन्माचे अबोल. निघोज्याला त्यांच्या घरी सगळेच तसे. सासरे, दीर, सगळे जेवताना ताटाकडे बघायचे आणि हात धुऊन उठायचे. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं होतं, या घरात कुणीतरी वारलंय आणि मला सांगत नाहीत. या माणसाला बोलकं केलं ते फक्त एकीने, आमच्या इंद्रायणीने. नदीच्या काठावर झाली म्हणून नदीचं नाव ठेवलं, हाक मारायला इंदू, आणि बापासाठी इंदी. ती रेडिओच्या कंपनीत लागल्यापासून तर बापलेक रोज संध्याकाळी उंबऱ्यात बसून कंपनीच्याच गप्पा मारायचे. कुणाचा साहेब कसा, कुणाच्या कँटीनमध्ये काय. मी मध्ये बोलले की दोघंही माझ्याकडे असे बघायचे की जणू मी गेटवर पास न दाखवता आत शिरले.

कारखान्याला टाळं लागायच्या आदल्या वर्षी इंदूला टायफॉइड झाला. अंगात कणकण होती तरी आठवडाभर ती कामाला जात राहिली. एका सकाळी ती म्हणालीही, आज घरी राहू का. कारभारी म्हणाले, एवढ्या तेवढ्यासाठी कुणी खाडा करतं का. त्यांना स्वतःला हजेरीबद्दल कारखान्याने भिंतीवरचं घड्याळ दिलेलं. खाडा हा शब्द आमच्या घरात शिवीसारखा होता. मीही तिच्या हातात डबा दिलाच. मग एक दिवस कंपनीतूनच तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आतडं फुटलं, उशीर झाला. तेवीस वर्षांची पोर. दिवाळीच्या तोंडावर गेली.

त्यानंतर कारभाऱ्यांच्या तोंडून तिचं नाव निघालं नाही. मी काही बोलायला लागले की चप्पल घालून बाहेर जायचे. मी तिचा फोटो लावला तर त्याच्याकडे पाठ करून बसायचे. पोर गेली ती गेली, पण तिच्याबद्दल बोलायला घरात कुणी उरलं नाही, हे मला जास्त जाचायचं. रडायलासुद्धा दुसरं माणूस लागतं.

साहेबरावाने आणून टाकलेली पोती इंदूच्याच कंपनीची आहेत हे मला माहीत होतं. कारभाऱ्यांनाही होतं. दोघांनीही ते एकमेकांना सांगितलं नाही. पहिली पोती आम्ही मुकाट रिकामी केली. तिसऱ्या की चौथ्या पोत्याच्या वेळी कारभाऱ्यांनी एक बोर्ड सांडशीत धरला, हवा मारायला घेतली आणि एकदम बंदूक बंद केली. बोर्ड उलटा करून कोपरा माझ्यापुढे धरला. कोपऱ्यात जांभळ्या रंगाचा ठिपका होता.

"इंदीचा हाय," ते म्हणाले.

वर्षभरात पहिल्यांदा त्यांनी तिचं नाव घेतलं. माझ्या हातातला डबा खाली पडला आणि निवडलेलं सगळं एकात एक झालं. मला त्याचं काही वाटलं नाही.

त्या ठिपक्याची गोष्ट अशी. त्या कंपनीत लाइनीवर सगळ्या पोरी. बोर्ड हातावेगळा केला की प्रत्येकीने कोपऱ्यात आपल्या नेलपॉलिशचा एक ठिपका द्यायचा. पुढे तपासणीत बोर्ड नापास झाला तर कुणाचा ते लगेच कळावं म्हणून. नव्या पोरीने दुसरीचा नसेल असा रंग आणायचा. इंदू लागली तेव्हा लाल, गुलाबी, तपकिरी, सगळे घेतलेले. मग कारभारी स्वतः पुण्याला तुळशीबागेत गेले. एवढ्या मिशा असलेला माणूस दुकानादुकानांतून नेलपॉलिश मागतोय, कुणाकडे नाही असा रंग द्या म्हणतोय. जांभळी बाटली मिळाली तेव्हा दुकानदाराने विचारलं, कुणासाठी हो मामा? हे म्हणाले, कंपनीसाठी. इंदू ही गोष्ट सांगताना हसून हसून आडवी व्हायची आणि कारभारी खोटं खोटं रागावायचे.

त्या पोत्यात जांभळ्या ठिपक्याचे बोर्ड निघतच राहिले. पुढच्या पोत्यातही. कारभाऱ्यांनी त्यातल्या एकालाही बंदूक लावली नाही. इंदूची पत्र्याची पेटी कॉटखालून ओढली, साड्या एका बाजूला केल्या आणि बोर्ड फडक्यात गुंडाळून तिच्यात ठेवायला लागले. बाकीच्या रंगांचे बोर्ड मात्र आधीपेक्षा भराभरा हवा मारून उडवायचे. दुसऱ्यांच्या पोरींचे ते. त्यांच्याकडे बघायचेसुद्धा नाहीत.

आणि संध्याकाळी पेटी उघडायची. एकेक बोर्ड उजेडाला धरायचा. मला हाक मारायची. मला! आमच्या कारभाऱ्यांनी मला स्वतःहून हाक मारून शेजारी बसवलं, हे लग्न झाल्यापासून कधी झालं नव्हतं. ते बोलायचे आणि मी ऐकायचे. हा बोर्ड तिने उन्हाळ्यात केला असणार, तेव्हा पंखा बंद पडला होता, आठवतंय का? हा दुसऱ्या शिफ्टचा, हा डब्यात मेथी दिली त्या दिवशीचा. कशावरून, असं मी विचारलं नाही. मला काय करायचंय? माझी पोर घरात आली होती. मी स्वयंपाक लवकर उरकून, हात पुसून तयार बसायला लागले.

पण फिटर माणूस. त्याची नजर कामावर जाणारच. काही दिवसांनी ते ठिपक्याकडे बघायचे थांबले आणि थेंबांकडे बघायला लागले. एका संध्याकाळी मला म्हणाले, "हिथं बघ. सोल्डर ओला असताना हात हलला की थेंब असा खडबडीत होतो." मी म्हटलं, हलला असेल एखादा. त्यांनी दुसरा बोर्ड दाखवला, तिसरा दाखवला. कुठे थेंब गोळा झालेला, कुठे शेजारच्या थेंबाला जाऊन चिकटलेला. पेटीत बोर्ड शंभराच्या घरात गेले होते आणि एकही धड नव्हता.

"हात थरथरत व्हता तिचा," कारभारी म्हणाले. "येवढे बोर्ड काय आठवड्यात होत न्हाईत. पोर लई दिवसांपासून आजारी व्हती, गिरजे. आन मी तिला खाडा करू नको म्हनालो."

झालं. त्या दिवसापासून बोलणं तेच राहिलं, पण त्यातलं हसणं गेलं. प्रत्येक बोर्डात त्यांना तिचा ताप दिसायचा. हिथं चक्कर आली असंल. हिथं डोळ्यापुढं अंधारी आली असंल. आपल्या डोळ्यांदेखत पोर झिजत होती आणि आपण उंबऱ्यात बसून कँटीनच्या गप्पा मारत होतो, असं ते मला सांगायचे, जणू मी तिथे नव्हतेच. मग त्यांचं जेवण तुटलं. अर्धी भाकरी, मग चतकोर. मी रागावले, रडले, एकदा ताट आदळलं. ताट आदळायचा माझा हात चांगला आहे. त्यांनी शांतपणे पोचा आलेला काठ ठोकून सरळ करून दिला, पण जेवले नाहीत.

मलाही आतून पोखरायला लागलं होतं. बाप तेव्हा दिवसभर कारखान्यात. पण मी आई. तिची वेणी मी घालायचे. महिनोन् महिने पोर आजारी होती आणि मला कळलं नाही, असं कसं झालं? मी ठरवलं, विचारायचंच. कस्तुराला.

कस्तुरा लाइनीवर इंदूच्या शेजारच्या खुर्चीवर बसायची. नवऱ्याने टाकलेली, दोन लेकरांची आई. पुनावळ्याला भावाच्या दाराशी एका खोलीत राहायची. इंदू गेली तेव्हा आली होती, दाराशी उभी राहिली आणि एक शब्द न बोलता निघून गेली. तेव्हा मला तिचा राग आला होता. गुरुवारी कंपनीला सुट्टी म्हणून मी गुरुवारी निघाले. रावेतवरून निम्मी वाट बसने, निम्मी पायी. खोलीत बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली लेकरांची दप्तरं, सगळं पुसून स्वच्छ. तिने मला बसायला पाट दिला. मी पाण्याचा पेला हातात घेऊनच विचारलं, इंदूचा हात कधीपासून थरथरत होता? आणि पेटीतल्या बोर्डांचं सगळं सांगितलं.

कस्तुरा खाली बसली. तिने पदराचा काठ सरळ केला.

"मावशी, ते बोर्ड माझे आहेत," ती म्हणाली.

ती नवीन होती, ट्रायलवर. हात बसलेला नाही, थेंब नीट पडायचा नाही. नापास बोर्ड जास्त झाले की ट्रायलवालीला काढून टाकायचे. इंदू कायम झालेली, तिचं काम लाइनीवर नावाजलेलं. तिने कस्तुराची गुलाबी बाटली घेतली आणि आपली जांभळी तिला दिली. म्हणाली, मी कायम आहे, मला कोण काढतंय? तुझा हात बसला की परत दे. तेव्हापासून इंदू आपल्या बोर्डावर गुलाबी ठिपका द्यायची, तो पास होऊन कस्तुराच्या नावावर चढायचा. आणि कस्तुराचे नापास इंदूच्या नावावर. साहेब इंदूला सगळ्यांपुढे बोलायचा, तुझं लक्ष कुठे असतं म्हणायचा. इंदू मान खाली घालून ऐकायची आणि तो पुढे गेला की कस्तुराला डोळा मारायची.

"तिचा हात शेवटपर्यंत ताठ होता," कस्तुरा म्हणाली. "त्या शेवटच्या आठवड्यात ताप होता, जेवणाच्या सुट्टीत टेबलावर डोकं ठेवायची. त्याच्या आधी काही नव्हतं, मावशी. आधी तर आमी हसण्यावरून ओरडा खायचो."

मला आधी कस्तुराचा राग आला, मग इंदूचा त्याहून जास्त. दुसरीचा ओरडा स्वतःच्या अंगावर घ्यायचा, आणि बापाला उंबऱ्यात बसून सगळं सांगायचं पण एवढं सांगायचं नाही? आणि मग वाटलं, अशी पोर होती माझी. मी कस्तुराच्या खोलीत मोठ्याने रडले, तिची लेकरं दाराआडून बघत राहिली. कस्तुरा माझे पाय धरायला लागली, ते मी धरू दिले नाहीत.

परत येताना रस्त्यात माझ्या लक्षात आलं. गुलाबी ठिपके. गुलाबी ठिपक्याचे बोर्ड मी बघितले होते. थोडेच होते, पण होते. कारभाऱ्यांनी दुसऱ्याच्या पोरीचे म्हणून भराभरा उडवले होते आणि मी ते रिकामे करून बंबात घातले होते. त्या पाण्याने आम्ही दोघांनी आंघोळ केली होती. मी रस्त्याच्या कडेला दगडावर बसले. एक सायकलवाला थांबून विचारून गेला, बाई, बरं वाटत नाही का? मी म्हटलं, बरं आहे.

घरी आले तर कारभारी पेटी उघडून बसलेले. मी काही सांगितलं नाही. का नाही, ते मला तेव्हाही माहीत होतं. ते बोर्ड तिचे नाहीत म्हटलं की संपलं. मग संध्याकाळी हाक कशाला मारतील? पोटात कळ यावी असं बोलणं होतं ते, पण तिच्याबद्दलचं होतं. मला तेवढंही सोडवेना. मी रोज शेजारी बसून कस्तुराच्या चुका बघत राहिले आणि हूं हूं करत राहिले.

मग एका दुपारी वाढताना मी त्यांचा डावा हात बघितला. तळव्यावर टरारून फोड आलेला, त्याच्या शेजारी दुसरा फुटलेला. मी विचारलं, हे कशाने? ते म्हणाले, बंदुकीची हवा किती तापली ते बघत होतो. मी म्हटलं, मग हात मागे घेता आला नाही? त्यांनी हाताकडे असं बघितलं की जणू तो शेजाऱ्याचा हात आहे.

"कळलं न्हाई," ते म्हणाले.

मी खोबरेल लावलं, फडकं बांधलं, आणि पुढच्या गुरुवारी कस्तुराला घरी बोलावलं. नवरा तरी राहू दे, एवढंच मनात होतं.

कस्तुरा आली. कारभाऱ्यांना ती कोण ते कळल्यावर तेच उठले, पेटी ओढली आणि तिच्यापुढे फडकं सोडलं. तिच्याबद्दल बोलणारं माणूस आल्याचा त्यांना आनंद झाला होता. त्यांनी सगळ्यात वाईट बोर्ड शोधून तिच्या हातात दिला.

"तू शेजारी बसायचीस," ते म्हणाले. "खरं सांग बाई. कवापास्नं थरथरत व्हता तिचा हात?"

"तिचा न्हाई, काका," कस्तुरा म्हणाली. "माझा थरथरत होता."

तिने सगळं सांगितलं, जसं मला सांगितलं होतं तसं. कारभाऱ्यांनी ऐकून घेतलं आणि माझ्याकडे वळले. "मला बरं वाटावं म्हनून तू हिला पढवून आनलंस व्हय?" असं म्हणाले.  कस्तुराने पिशवीतून जांभळी बाटली काढली आणि त्यांच्यापुढे जमिनीवर ठेवली. तळाशी थोडा रंग सुकून बसला होता. कारभाऱ्यांनी ती उचलली, झाकणावरच्या तुळशीबागेतल्या दुकानाच्या चिठ्ठीवरून बोट फिरवलं. एवढ्यात त्यांचं वय कितीतरी वाढलं, असं मला वाटलं.

"मग तिचे कुटं हायेत?"

"गुलाबी ठिपक्याचे तिचे," कस्तुरा म्हणाली. "पास झाले ते रेडिओत बसून गेले. नापास थोडेच होते."

कारभाऱ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खाली बघितलं. ते किती आले, कुणी उडवले आणि कुणी जाळले, हे आम्हा दोघांनाही सांगायची गरज नव्हती. मला वाटलं, आता ते मला बोलतील, किंवा स्वतःला. त्यांनी कस्तुराच्या हातातला बोर्ड परत घेतला आणि ढिगावर ठेवला.

"तू कायम झालीस न्हवं?" त्यांनी विचारलं.

"झाले, काका."

"बरं झालं," ते म्हणाले. "च्या घेऊन जा."

कस्तुरा उंबऱ्याबाहेर जाऊन रडली. आत रडायची तिला लाज वाटली असावी.

मी केलं ते बरोबरच केलं, असं आळीतलं कुणीही सांगेल. कारभारी जेवायला लागले. हाताचे फोड वाळले. रात्री कूस न बदलता झोपायला लागले. आठवडाभराचा ताप, त्याच्या आधी पोर हसत होती, हे त्यांना पुरलं. त्यांनी पेटीतले बोर्ड बाहेर काढले, साड्यांची घडी नीट घातली, पेटी कॉटखाली सारली आणि बोर्ड इतरांच्या ढिगात टाकले. जांभळी बाटली मात्र कुठे ठेवली ते मला सांगितलं नाही, आणि मी शोधली नाही. साहेबराव म्हणाला, वहिनी, तुमचा कोंडीराम आता माणसात आला. मी म्हटलं, आला.

पण संध्याकाळी हाक थांबली. मी आपली हात पुसून उंबऱ्यात बसायचे. ते दुसऱ्या टोकाला बसायचे. मी आडवळणाने काढून बघितलं. म्हटलं, साहेबाचा ओरडा खाल्ला तरी पोरीने तोंड उघडलं नाही, बघा. ते म्हणाले, व्हय. म्हटलं, कस्तुराच्या लेकरांना कपडे न्यावेत का यंदा, इंदूच्या नावाने? ते म्हणाले, ने की. आणि चप्पल घालून बाहेर गेले. मरण्यापेक्षा जगलेला बरा, हे मला कळतं. मी काही वेडी नाही. पण माझी पोर माझ्या घरात आली होती, वाईट का होईना, ताप अंगात घेऊन का होईना, रोज संध्याकाळी येत होती. तिला मीच बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं.

परवा जांभळ्या ठिपक्याचे शेवटचे बोर्ड उडवायचे होते. कारभारी बंदूक तापवत होते, मी डबे मांडत होते. ढिगातला एक बोर्ड मी उचलला. दोन थेंब एकमेकांत मिसळलेले, तिसरा खडबडीत, भाजल्यासारखा. मी तो त्यांच्यापुढे धरला.

"अहो," मी म्हटलं, "हितं बघा ना. हितं तिचा हात थरथरला असंल का?"

त्यांनी बंदूक बंद केली. माझ्या हातातून बोर्ड घेतला, उजेडाला धरला, अंगठ्याने तो थेंब चाचपला.  मला वाटलं, आता बोलतील. खोटं तर खोटं, पण एकदा बोलतील. 

"कस्तुराचा हाय त्यो, गिरजे," ते म्हणाले. अगदी हळू आवाजात म्हणाले, मला लागू नये म्हणून.

मग त्यांनी तो सांडशीत धरला आणि बंदूक चालू केली. मी घमेलं पुढे सरकवलं.